शेततळ्यातील माशांसाठी पाण्याचे तापमान आणि खोली कशी सांभाळावी

शेततळे भरलेले आहे, त्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद शाबूत आहे आणि कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्ले सोडून झाली आहेत, असे मी धरून चालतो. ही पिल्ले सोडण्यापूर्वी त्यांच्या पिशव्या वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून त्यांत तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळले असेल, तर त्याविषयी आणखी सांगण्यासारखे काही नाही.

पहिले काम मोजणीचे आहे. काठावर उभे राहून थर्मामीटर बुडवल्याने काहीच कळत नाही, कारण काळ्या कागदावरचे काठाचे उथळ पाणी सर्वांत आधी तापते. एका बाटलीला दगड बांधावा, तिच्या बुचाला वेगळी दोरी लावावी, बाटली हव्या त्या खोलीवर पोहोचली की बूच ओढून ती भरू द्यावी आणि वर येताच तिच्यात थर्मामीटर घालावा. वीतभर, एक मीटर, दोन मीटर आणि तळाजवळ अशा चार ठिकाणची नोंद सूर्योदयापूर्वी आणि दुपारी तीन वाजता वहीत करावी.

कटला, रोहू, मृगळ हे मासे २५ ते ३२ अंश सेल्सिअसमध्ये चांगले वाढतात. पाणी २० अंशांवर असताना त्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांवर साडेसात मिलिग्रॅमच मावतो. म्हणजे उष्णतेमुळे माशाची प्राणवायूची गरज वाढते, नेमकी त्याच वेळी पाण्याची धारणशक्ती घटते.

आता खरी अवघड पायरी. 'तळे खोल आहे, मासा उन्हात खाली जाऊन गारव्याला बसेल' हा सल्ला मला अनेकांनी दिला आणि मी तो काही वर्षे मानला. तीन मीटर खोल तळ्यात मार्च-एप्रिलमध्ये वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड आणि जड राहते आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्या थराला वारा आणि हिरव्या शेवाळाकडून प्राणवायू मिळत राहतो. तळाशी मात्र उजेड पोहोचत नाही, उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजत राहते आणि तेथील प्राणवायू संपून जातो. ज्या गारव्यात मासा बसेल असे आपण समजतो, तेथे त्याला श्वासच घेता येत नाही. तळाच्या बाटलीतील पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास आला, तर हे घडून गेले आहे असे निश्चित समजावे.

एका मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस झाला, उकाडा गेला म्हणून मी समाधानाने झोपलो आणि पहाटे अर्धाअधिक कटला पाण्यावर उलटा पडलेला पाहिला. पावसाचे थंड, जड पाणी वादळी वाऱ्यासह खाली घुसले होते आणि महिनाभर साचलेले तळाचे पाणी एका रात्रीत वर येऊन सगळ्या तळ्यात मिसळले होते. ते दृश्य मी आजही विसरलेलो नाही, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे: थर तयार होऊ देऊ नयेत, आणि झाले असतील तर ते एकदम मोडू नयेत.

यासाठी फेब्रुवारीअखेरपासून रोज दुपारी एक ते तीन या वेळात पाणी ढवळावे. पंपाचे तोंड पृष्ठभागाखाली हातभर ठेवावे आणि पाइपचे दुसरे टोक पाण्याखाली आडवे सोडावे, म्हणजे दुपारी प्राणवायूने भरलेले वरचे पाणी खाली ढकलले जाते. दुपारी फवारा उडवण्याचा प्रघात चुकीचा आहे. त्या वेळी वरच्या पाण्यात क्षमतेपेक्षा जास्त प्राणवायू असतो आणि फवाऱ्याने तो हवेत निघून जातो. फवारा किंवा एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) मध्यरात्रीनंतर सूर्योदयापर्यंत चालवावा. ज्याच्याकडे सौर पंप आहे, त्याला दुपारचे काम विजेच्या वेळापत्रकावर सोडावे लागत नाही, ही मोठीच सोय आहे.

थर आधीच पडलेले असतील, तर पाइपचे टोक प्रथम हातभर खोल ठेवून दर दोन-तीन दिवसांनी फूटभर खाली न्यावे. तळाचे पाणी उपसून वर फवारणे म्हणजे वळवाने केलेले नुकसान स्वतःच्या हाताने करणे होय. ढग दाटले की त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे आणि रात्रभर फवारा सुरू ठेवण्याची तयारी करावी. पहाटे मासे वर येऊन तोंड मारताना दिसले, तर वरचेच पाणी फवारावे.

पातळी दीड मीटरच्या खाली जाऊ लागली की मोठे मासे काढून विकावेत. भाव चढण्याची वाट पाहू नये. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालायचे असल्यास ते उंचावरून दगडांवर पाडून सोडावे, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. उन्हाळ्यात खाद्य सकाळी नऊनंतर द्यावे.

हिवाळ्यात खोलीचा उपयोग खरोखर होतो, कारण खोल तळे उथळ तळ्याइतके लवकर गार होत नाही. पहाटेचे पाणी २० अंशांखाली गेले की खाद्य निम्म्यावर आणावे आणि मासे ते शिवत नसतील, तर पूर्ण थांबवावे.