दोन रक्तनमुन्यांवरून जेंटामायसिनचा निचरा कसा काढायचा

या गणितासाठी जेंटामायसिन हे प्रतिजैविक सोयीचं आहे. त्याचं चयापचय होत नाही, ते जवळपास जसंच्या तसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि शरीर म्हणजे एकच कप्पा (औषध सगळीकडे एकसारखं पसरतं) असं धरलं तरी व्यवहारात भागतं.

आकडे उदाहरणाचे घेऊ. ६० किलोचा रुग्ण, ३०० मिग्रॅ डोस शिरेतून अर्ध्या तासात. डोस संपल्यावर १ तासाने रक्तातली पातळी १६ मिग्रॅ प्रति लिटर, ७ तासांनी २.

आधी निचऱ्याचा स्थिरांक, 'के' (औषध किती वेगाने बाहेर पडतं त्याचं माप), आणि त्यावरून हाफ-लाइफ (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ):

के = नैसर्गिक लॉग (१६ ÷ २) ÷ ६ तास = २.०७९ ÷ ६ = ०.३४७ प्रति तास
हाफ-लाइफ = ०.६९३ ÷ ०.३४७ = २ तास

पडताळा तोंडीच होतो: १६चे ८, ८चे ४, ४चे २. सहा तासांत तीनदा निम्मं. एक्सेलमध्ये 'एलएन'ऐवजी 'लॉग' वापरलं तर पाया दहाचा धरला जातो, के ०.१५ येतो आणि हाफ-लाइफ ४.६ तास. आकडा अशक्य दिसत नाही, म्हणूनच ही चूक सुटून जाते.

आता डोस संपला त्या क्षणाची पातळी काढायला मागे जा. १ तास म्हणजे अर्धी हाफ-लाइफ, म्हणून १६ × १.४१४ = २२.६. व्हॉल्यूमसाठी (औषध जणू किती लिटरमध्ये पसरलं आहे, त्यासाठी) ३०० ला सरळ २२.६ ने भागलं तर १३.३ लिटर येतात, पण औषध जात असतानाच्या अर्ध्या तासातही निचरा चालूच असतो. ती दुरुस्ती अशी (ताशी वेग ६०० मिग्रॅ):

(६०० ÷ ०.३४७) × (१ − ०.८४१) ÷ २२.६ = १२.२ लिटर

०.८४१ म्हणजे 'ई'चा (नैसर्गिक लॉगच्या पायाचा) उणे (०.३४७ × ०.५) वा घात. किलोमागे ०.२ लिटर झालं, ते पटण्यासारखं आहे. अंगावर सूज असेल किंवा पोटात पाणी झालं असेल तर हा आकडा वाढतो.

क्लिअरन्स (ठरावीक वेळात जितकं रक्त औषधापासून मोकळं होतं ते) = के × व्हॉल्यूम = ४.२ लिटर प्रति तास, म्हणजे मिनिटाला ७० मिली. हा आकडा कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने काढलेल्या क्रिएटिनिन क्लिअरन्सच्या (मूत्रपिंडाच्या कामाच्या मापाच्या) आसपास असायला हवा. फारच लांब असेल तर मूत्रपिंडाला दोष देण्याआधी नमुन्यांच्या वेळा तपासा. चार्टवरची ठरलेली वेळ नको, सुई टोचल्याची खरी वेळ हवी.

पहिला नमुना डोस संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत नको. औषध अजून ऊतींमध्ये पसरत असतं, पातळी फुगलेली मिळते आणि के खोटाच मोठा येतो. ज्या नळीतून औषध दिलं तिच्यातूनच रक्त घेतलं तरी पातळी खोटी चढते. नमुना दुसऱ्या हातातून घ्या. दुसरा नमुना इतका उशिरा नको की लॅब 'मोजमापाच्या खाली' लिहून पाठवेल. तिथे शून्य भरू नका, शून्याचा लॉगच निघत नाही.

फेनिटॉईनला (फिट्सवरच्या औषधाला) मात्र हे सूत्र लावू नका. यकृतातली एन्झाइम्स भरून जातात आणि हाफ-लाइफ पातळीबरोबर बदलत राहते. तिथे मायकेलिस-मेंटेन समीकरण वापरा. व्हीमॅक्स म्हणजे शरीर रोज जास्तीत जास्त जितकं औषध संपवू शकतं ते, आणि केएम म्हणजे ज्या पातळीला हा वेग निम्मा असतो ती पातळी:

स्थिर पातळी = केएम × रोजचा डोस ÷ (व्हीमॅक्स − रोजचा डोस)

केएम ४ मिग्रॅ प्रति लिटर आणि व्हीमॅक्स रोज ४५० मिग्रॅ धरा. ३०० मिग्रॅवर पातळी ८ येते, ३५० वर १४, ४०० वर ३२. उपचाराची नेहमीची मर्यादा १० ते २० आहे, तेव्हा डोस एकदम शंभराने वाढवू नका.