अ‍ॅरे सॉर्ट झालाय का हे तपासताना या चुका टाळा

सॉर्टिंगची टेस्ट, म्हणजे अ‍ॅरे (आकड्यांची किंवा नावांची यादी) क्रमाने लागला का हे तपासणारा कोड, फेल झाली तर फारसं बिघडत नाही, शोधलं की कारण सापडतं. घात करते ती काहीही झालं तरी हिरवीच (म्हणजे पास) राहणारी टेस्ट. उदाहरणं जावास्क्रिप्टची घेतोय, कारण तिथे हे सगळ्यात सहज घडतं.

अ‍ॅरेची स्वतःशीच तुलना

जेस्ट या टेस्टिंग टूलमध्ये एक्स्पेक्टला (मिळालेलं उत्तर) 'प्राइसेस' हा किमतींचा अ‍ॅरे द्यायचा आणि टूईक्वलमध्ये (अपेक्षित उत्तर) 'प्राइसेस.सॉर्ट()' लिहायचं, हे कोड रिव्ह्यूमध्ये हमखास दिसतं. सॉर्ट नवा अ‍ॅरे बनवत नाही. आहे तोच जागच्या जागी बदलते आणि तोच परत देते. मग दोन्ही बाजूंना एकच अ‍ॅरे, टेस्ट फेल होणार कुठून? आधी कॉपी काढा, किंवा जावास्क्रिप्टच्या ईएस २०२३ आवृत्तीत आलेली, नवा अ‍ॅरे देणारी टूसॉर्टेड वापरा. पायथनमध्ये लिस्टची सॉर्ट 'नन' (काहीच नाही) परत देते, त्यामुळे तिथे ही चूक निदान लगेच उघडी पडते.

कॉपी काढूनही एक मेख उरते. कम्पॅरेटर (दोघांत आधी कोण हे सांगणारं फंक्शन) दिला नाही तर जावास्क्रिप्ट अंकांनाही स्ट्रिंग समजून लावते: १, १०, २. अ‍ॅपच्या कोडमध्ये हीच चूक असेल, तर कोड आणि टेस्ट दोघं मिळून चुकतात आणि निकाल पास येतो. म्हणून अपेक्षित उत्तर कोडने काढूच नये, हाताने लिहावं. पाच-सहा किमती पुरतात. त्यात एक तरी किंमत दोनदा असू द्या आणि एक दोन अंकी. अशा तुलनेत एखादा आयटम गळाला तरी कळतं. शेजारशेजारचे आकडे तपासणाऱ्या लूपला ते कधीच कळत नाही.

स्क्रीनवरून वाचलेल्या किमती

समजा, टेबलच्या रकान्यात '₹1,25,000' असं आहे. हे थेट नंबरमध्ये बदललं तर रुपयाच्या चिन्हामुळे आणि स्वल्पविरामांमुळे हाती नॅन (NaN, म्हणजे 'हा आकडा नाही') येतो. पुढे लूप विचारतो, 'हा आकडा पुढच्यापेक्षा मोठा आहे का?' नॅनसोबतच्या अशा प्रत्येक तुलनेचं उत्तर फॉल्स. अख्खा रकाना नॅन असला तरी टेस्ट खुशाल पास! चिन्हं काढूनच रूपांतर करा आणि एकही नॅन नाही हे वेगळं तपासा.

प्लेराइट या ब्राउझर टेस्टिंग टूलमध्ये आणखी एक फसगत होते. ऑलटेक्स्टकंटेंट्स ही मेथड रो येण्याची वाट पाहत नाही. पान लोड होत असेल तर रिकामा अ‍ॅरे मिळतो, आणि रिकामा अ‍ॅरे नियमाने सॉर्टेडच धरला जातो. आधी टूहॅवकाउंटने रो किती आहेत ते पक्कं करा.

आपली टेस्ट अशीच पोकळ आहे का, हे बघायचं तर अ‍ॅपमधली सॉर्टची ओळ कमेंट करून (तात्पुरती बंद करून) सगळ्या टेस्ट चालवा. तरीही हिरवं आलं तर समजून जा.

कधी पास, कधी फेल

टेस्ट अशी वागत असेल तर बहुतेक वेळा दोष क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागणाऱ्या ओळीचा. फक्त तारखेवर ऑर्डर बाय (क्रम लावायचा आदेश) लावलं आणि दोन ऑर्डरींची तारीख एकच असेल, तर त्यांच्यातला क्रम डेटाबेस कसाही देऊ शकतो. सोबत आयडी जोडा. टेस्ट एसक्यूलाइटवर आणि प्रॉडक्शन (खरं अ‍ॅप) पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर असेल तर नल, म्हणजे रिकाम्या नोंदीही बघा: चढत्या क्रमात एसक्यूलाइट नल आधी देतं, पोस्टग्रेस शेवटी.

मराठी नावं

युनिकोडमध्ये 'ळ' चा क्रमांक 'ल' ला लागून, म्हणून साध्या सॉर्टमध्ये 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतं. आपल्या वर्णमालेत 'ळ' तर 'ह' नंतर. ग्राहकाला कुठला क्रम हवाय ते आधी विचारा, मगच यादी लिहा. लोकेलकम्पेअर (भाषेच्या नियमांनी तुलना करणारी मेथड) वापरत असाल आणि जुना सर्व्हर अजून चालू असेल, तर तिथली नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्ती पाहा. १३ च्या आधीच्या अधिकृत बिल्डमध्ये फक्त इंग्रजीचा लोकेल डेटा (भाषेचे नियम) असायचा.