मशीन बंद होतं का झोपलं होतं?

हार्डवेअरचा कोर्स करून कराडच्या एका दुकानात लागलो, त्याला तीन महिने झाले होते. एका निवृत्त शिक्षकांच्या घरून फोन आला, "आमचा कॉम्प्युटर रात्री आपोआप चालू होतोय." घरात काका आणि काकू दोघंच. मुलगा पुण्याला नोकरीला, शुक्रवारी रात्री येणार आणि रविवारी संध्याकाळी परत जाणार. मध्यरात्री हॉलमध्ये पंख्याची घरघर सुरू व्हायची, स्क्रीनचा उजेड भिंतीवर पडायचा आणि काकू दचकून उठायच्या. त्यांना परत झोप लागत नसे.

मी कॅबिनेट उघडलं, धूळ काढली. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, जुना दिसला म्हणून बदलला आणि पैसे घेऊन आलो. तिसऱ्या रात्री मशीन पुन्हा चालू झालं.

दुकानातले अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "चालू व्हायच्या आधी मशीन बंद होतं का झोपलं होतं, ते विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं. अण्णांनी काकांचे पैसे परत पाठवले आणि मला पुन्हा त्याच घरी धाडलं. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहायला बसलो, ते त्या एका प्रश्नामुळे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. शटडाउन केलेलं मशीन पूर्ण बंद नसतं. जुन्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटचं बटण थेट २३० व्होल्टची लाइन तोडायचं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी रचना आणली आणि बटणाचं काम बदललं. आता बटण फक्त मदरबोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडतं. बोर्ड ते ओळखतो, एसएमपीएसच्या हिरव्या वायरला ग्राउंडला खेचतो आणि मग सगळे व्होल्टेज सुरू होतात. बटणाची वाट बघायला बोर्डाला रात्रभर थोडी वीज लागते. ती जांभळ्या वायरवरून येते, ५ व्होल्ट स्टँडबाय. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर ती वायर जिवंत असते. म्हणजे आपल्याला शोधायचं काय, तर बोर्डाला "उठ" असं कोण सांगतंय. बटण, घड्याळाचा अलार्म, लॅन म्हणजे नेटवर्कची वायर, कीबोर्ड, माउस, परत आलेली लाइट, यातलं कोणीही सांगू शकतं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कॅबिनेटला हात लावला नाही. काकूंना एक वही दिली आणि सांगितलं, मशीन चालू झालं की तारीख, वेळ आणि लाइट गेली होती का, एवढं लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी वही पाहिली. शाळेच्या पाटीवर काढावं तसं सुवाच्य अक्षर, नऊ नोंदी. पाच नोंदी शनिवारी किंवा रविवारी पहाटेच्या, वेळ दोनच्या पुढे चार-पाच मिनिटं. उरलेल्या चार कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी, आणि प्रत्येकीपुढे "लाइट आली तेव्हा". एका मशीनला दोन वेगळे आजार होते. मी दोन्हींवर मिळून एक एसएमपीएस बदलला होता!

पहिला आजार मुलाच्या सवयीतून आला होता. काका शटडाउन करून उठायचे. मुलगा मात्र रात्री काम झालं की मशीन स्लीपला टाकायचा, म्हणजे बंद न करता झोपवायचा, सकाळी पटकन उघडावं म्हणून. विंडोजमधल्या ऑटोमॅटिक मेंटेनन्सची, म्हणजे आपोआप होणाऱ्या देखभालीची, ठरलेली वेळ पहाटे दोनची असते, आणि त्याच्याखाली 'या कामासाठी मशीनला उठव' अशा अर्थाची एक चौकट असते. तिथे खूण होती. म्हणून काका बसायचे त्या दिवशी दोन वाजता काही होत नसे, आणि मुलगा घरी असला की नेमकं व्हायचं.

हा अंदाज तपासता येतो आणि तपासलाच पाहिजे. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, सिस्टिमच्या नोंदींत पॉवर-ट्रबलशूटर नावाची, १ क्रमांकाची नोंद शोधा. मशीन कधी झोपलं, कधी उठलं आणि कोणी उठवलं, हे तिथे लिहिलेलं असतं. काकूंच्या पाचही वेळा त्या नोंदींशी जुळल्या आणि कारण टायमर निघालं. मशीन नुकतंच उठलेलं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून, जागा सोडून, तिरकी रेघ आणि लास्टवेक टाइप करा (powercfg /lastwake). लास्टवेकऐवजी वेकटायमर्स लिहिलं, तर पुढचा अलार्म कोणी लावून ठेवलाय ते कळतं, फक्त त्यासाठी प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. मी ती खूण काढली आणि पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपखालचे वेक टायमर बंद केले.

इथे नवीन मुलं एका ठिकाणी हमखास गोंधळतात. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम, म्हणजे मशीन सलग चालू असल्याचा काळ, कित्येक दिवसांचा दिसतो आणि गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं वाटू लागतं. तसं मुळीच समजू नका. खरं शटडाउन हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा.

दुसरा आजार बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, होता. यूपीएसची बॅटरी गेलेली, म्हणून मशीन थेट भिंतीवरच्या स्विचबोर्डाला लावलेलं होतं. बायोसमध्ये रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस म्हणून एक सेटिंग असतं, काही बोर्डांवर त्याचं नाव एसी बॅक असतं. त्यात तीन पर्याय: लाइट आल्यावर बंदच राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. इथे 'चालू हो' होतं. दुकानाच्या बिलिंग मशीनला ते ठीक आहे, पण घरी, तेही सारखी लाइट जाणाऱ्या भागात, नको. मी ते बंदवर ठेवलं. बायोसचं घड्याळ मागे पडलेलं दिसलं तर मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेलही बदला, नाहीतर लाइट गेल्यावर तुमची सेटिंग्ज पुसली जातात आणि तक्रार परत येते.

माउस आणि लॅनबद्दल थोडक्यात. टेबल हललं की ऑप्टिकल माउस झोपलेल्या मशीनला उठवू शकतो, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याची उठवण्याची परवानगी काढा. लॅनकार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्येही तेच करा, आणि बायोसमध्ये वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून मशीन उठवायची सोय, पाहा. बायोसमधलं ईआरपी हे वीज वाचवायचं सेटिंग चालू करून मोकळं होणं मला पटत नाही. त्याने बंद मशीनची स्टँडबाय वीज बरीचशी तोडली जाते, तक्रारही थांबते, पण कारण सापडलेलं नसतं. वर बंद मशीनच्या यूएसबीवर कोणी मोबाइल चार्ज करत असेल तर तेही बंद होतं.

आणि एसएमपीएस फोडून बघू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ टिकतात.

पुढच्या पावसाळ्यात नदीकाठच्या एका घरातून तशीच तक्रार आली. या वेळी आधी प्रश्न विचारला. शटडाउन केलेलं होतं, लाइट गेली नव्हती, वेळेला ताळमेळ नव्हता. बायोसही स्वच्छ. बोर्डावरून पॉवर स्विचची दोन पिनांची वायर काढून ठेवली, मशीन सुरू कसं करायचं ते त्यांच्या मुलीला दाखवलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच दोन पिनांना क्षणभर टेकवायचं, बाकी कशालाही हात लावायचा नाही. चार रात्री मशीन गप्प राहिलं. पाचव्या दिवशी नवीन स्विच घेऊन गेलो. जुना तिथेच ओट्यावर उघडला, तर आतल्या पितळी पत्रीवर हिरवट थर चढलेला होता आणि दाबलेलं बटण अर्ध्यातच अडकत होतं.