हेडात तुटून राहिलेला मॅनिफोल्डचा स्टड कसा काढावा

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या हेडाला (सिलिंडरवरच्या झाकणाला) जोडलेली धुराची नळी; ती धरून ठेवणारा स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट, बहुधा नट सोडवतानाच तुटतो. वर्षानुवर्षं तापून-थंडावून नट आणि स्टड गंजाने एकजीव होतात आणि लांब पान्हा लावून झटका दिला की आठ एमएमचा स्टड पिळवटतो. म्हणून नट कडक लागला तर आधीच थांबा. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी पाव फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, पुन्हा स्प्रे मारा. गरम इंजिनावर स्प्रे मारू नका, पेट घेतो. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं बॉनेटखालचं लोखंड तसंही हाताला चटका देतं, तेव्हा काम पहाटे काढलेलं बरं.

तुटलाच, तर किती बाहेर उरला ते बघा. दहा एमएम उरला असेल तर ग्रिप प्लायर घट्ट बसवा किंवा दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाला पान्हा लावा. अॅल्युमिनियमचं हेड लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे स्टडच्या भोवतीचं हेड गॅसच्या टॉर्चने तापवलं की पकड सैल होते. पण अॅल्युमिनियम लाल न होताच वितळतं. रंगाची वाट पाहू नका.

स्टड पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल, तर ड्रिलच्या आधी वेल्डिंगवाल्याकडे जा. वखर-डवरे आणि ट्रॉल्या जोडणारा वेल्डर बहुतेक मोठ्या गावात असतो आणि हा उपाय सगळ्यात खात्रीचा. स्टडच्या तोंडावर दहा एमएमचा नट मधोमध ठेवून नटाच्या भोकातून २.५ एमएमच्या वेल्डिंग रॉडने आत भरायचं. रॉडचं लोखंड अॅल्युमिनियमला नीट धरत नाही, स्टडला धरतं. टाका छोटा ठेवा. भरून झाल्यावर नटाची लाली जाऊन तो हाताला सोसवेल इतका थंड होऊ द्या, मग स्प्रे मारून हळूहळू मागे-पुढे फिरवा. पहिला नट निसटला तर दुसरा लावा. तीन-चार वेळा करावं लागलं तरी निराश होऊ नका, प्रत्येक तापण्यात गंज थोडा तुटतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि अर्थची क्लॅम्प हेडालाच लावा. जवळ डिझेलची गळती असेल तर आधी ती पुसून कोरडं करा.

वेल्डिंग शक्य नसेल, तरच ड्रिल. तुटलेलं तोंड कानसीने सपाट करा आणि पंच बरोबर मध्यावर मारा. खरं काम इथेच ठरतं. अर्धा एमएम सरकलात तर पुढचा ड्रिल मऊ अॅल्युमिनियमकडे पळतो. आधी तीन एमएम, मग पाच एमएम, मशीन हळू, तेल टाकत. किती आत जायचं ते ड्रिलला टेप चिकटवून ठरवून घ्या.

इझी आउट, म्हणजे त्या भोकात घालून उलटं फिरवत स्टड काढायचं आटेदार हत्यार, मात्र जपून. तो फार कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साधा ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही, मग हेड उतरवून मोठ्या गावच्या कारखान्यात न्यावं लागतं. हाताने बेताचा जोर देऊनही स्टड हलत नसेल तर इझी आउट काढून घ्या. त्यापेक्षा भोक ६.५ एमएमपर्यंत वाढवा, उरलेली पातळ साल टोकदार पंचने आत मोडा आणि चिमट्याने ओढा. शेवटी एम८ बाय १.२५ टॅप (आठ एमएमचे, १.२५ एमएम अंतराचे आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून आटे साफ करा, चुरा हवेने उडवा.

आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं काम करणारी तारेची कॉइल, बसवा. ८.३ एमएम भोक, त्याच्याच किटमधला टॅप, आणि कॉइल पृष्ठभागाच्या अर्धा फेरा खाली.

नवा स्टड बसवताना काळजीपूर्वक बघा: भोकातून कूलंट झिरपत असेल तर भोक वॉटर जॅकेटमध्ये (हेडातल्या कूलंटच्या पोकळीत) उघडतं, तिथे आट्यांना सीलंट लागतो. बाकी ठिकाणी कॉपर ग्रीस लावा, स्टड हातानेच बसवा, नट मात्र कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर (पिळाच्या जोरावर) आवळा.