खान्देशच्या उन्हात टिकेल अशी स्वस्त ई-स्कूटर

भाचीच्या क्लाससाठी जळगावातली दुकानं पालथी घातली, म्हणून सांगतो. आधी बॅटरी विचारा. लेड-ॲसिड स्वस्त, पण जड आणि लवकर बसते. मे महिन्यात पारा ४५ गाठतो, तिथे लिथियम फेरो फॉस्फेट बरी. बॅटरी निघते का? मग दुकानातच उचलून बघा, जिना तुम्हालाच चढायचाय. २५० वॅटच्या आत, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या मान्यताप्राप्त गाडीला लायसन्स-पासिंग लागत नाही. दुकानदार ‘वायर कापून देतो, पन्नासने पळेल’ म्हणाला की उठा. तशी गाडी ही सवलत गमावते. सीटवर बसून दोन्ही पाय टेकायला हवेत. सांगितलेल्या रेंजमधला, म्हणजे एका चार्जवर गाडी जितकी पळेल म्हणतात त्यातला, तिसरा हिस्सा मी तरी सोडूनच देतो. आणि उन्हातून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, आधी गार होऊ द्या.