एचएमआयवरील स्क्रीनच्या वाटांची नोंद कशी करावी

यंत्राबरोबर मिळणाऱ्या एचएमआयच्या (यंत्र चालवण्याच्या स्क्रीन दाखवणाऱ्या पॅनेलच्या) माहितीपुस्तिकेत बहुधा प्रत्येक स्क्रीनचे चित्र आणि त्याखाली बटणांची नावे दिलेली असतात. एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर कसे जायचे, ते कोणत्या अटीवर शक्य आहे आणि परत फिरताना आपण कोठे पोहोचतो, याचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो. रात्रपाळीतल्या ऑपरेटरला मात्र तेच हवे असते. म्हणून अशा दस्तऐवजात एका ओळीत एक वाट, या हिशेबाने नोंद करावी. येथे दूध डेअरीतील एचटीएसटी पाश्चरायझरच्या (थोडा वेळ उच्च तापमानाला तापवून दुधातले जंतू मारणाऱ्या यंत्राच्या) पॅनेलचे उदाहरण घेतले आहे, कारण त्यात उत्पादन आणि सीआयपी धुलाई (यंत्र न उघडता आतून धुणे) असे दोन पूर्ण वेगळे कार्यक्रम एकाच पॅनेलवरून चालवले जातात.

सुरुवात प्रोजेक्ट फाइलमधील (पॅनेलचा प्रोग्राम ज्यात असतो त्या फाइलमधील) स्क्रीनच्या यादीने करावी. प्रत्येक स्क्रीनचा क्रमांक, प्रोग्रामरने दिलेले आतले नाव आणि पॅनेलवर दिसणारे शीर्षक ही तिन्ही लिहावीत. ती बऱ्याचदा जुळत नाहीत आणि देखभालीच्या वेळी फोनवरचा सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो. पॉप-अप आणि फेसप्लेट (एखाद्या उपकरणाच्या नियंत्रणाची छोटी चौकट) यांची यादी वेगळी ठेवावी. त्यानंतर प्रत्येक स्क्रीनला तिची पातळी द्यावी. एचएमआयसाठीच्या आयएसए-101 या 2015 सालच्या मानकात चार पातळ्या मानल्या आहेत: संपूर्ण प्लँटचा आढावा, एका विभागाचे नियंत्रण, एका उपकरणाचा तपशील आणि निदान. लहान पॅनेलवर पहिली पातळी नसतेच. तेथे ती ओढूनताणून दाखवू नये.

आता पॅनेलसमोर बसून वाटा चालून पाहाव्यात. हे काम प्लँट बंद असताना किंवा सिम्युलेटरवरच करावे, कारण काही बटणे स्क्रीन बदलताना पंप सुरू करण्याची आज्ञाही देतात, आणि अशा बटणांपुढे तशी ठळक खूण करणे आवश्यक आहे. प्रत्येक ओळीत निघण्याची स्क्रीन, बटणावरील मजकूर जसाच्या तसा, लागणारी लॉग-इन पातळी, अट, पोहोचण्याची स्क्रीन आणि परतीचे ठिकाण हे रकाने असावेत. उदाहरणार्थ, सीआयपी चालू असताना उत्पादन सुरू करण्याच्या स्क्रीनचे बटण निष्क्रिय असेल, तर ‘सीआयपी बंद असताना’ ही अट लिहावी. एकच फेरी ऑपरेटर, सुपरवायझर आणि मेंटेनन्स अशा तिन्ही लॉग-इनने करावी लागते. ते कंटाळवाणे आहे, पण दडलेली बटणे तेव्हाच उघड होतात.

‘मागे’ या बटणाकडे विशेष लक्ष द्यावे. काही पॅनेलवर ते आधी पाहिलेल्या स्क्रीनवर नेते, तर काहींवर ठरवून दिलेल्या वरच्या स्क्रीनवर. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले असणेही दुर्मीळ नाही. फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्हच्या (पुरेसे न तापलेले दूध परत वळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) स्क्रीनवर एकदा अलार्म यादीतून आणि एकदा मुख्य स्क्रीनवरून पोहोचून ‘मागे’ दाबावे. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी पोहोचलो, तर परतीच्या रकान्यात त्या स्क्रीनचे नाव लिहावे. अन्यथा ‘आधीची स्क्रीन’ असे लिहावे.

बोट न लावताही स्क्रीन बदलते आणि नेमक्या याच वाटा नोंदीतून सुटतात. वीज जाऊन आल्यावर पॅनेल सुरुवातीच्या स्क्रीनवर उघडते, मग त्याआधी ऑपरेटर कोठेही असो. काही वेळ हालचाल न झाल्यास लॉग-आउट होते आणि प्रोजेक्टमध्ये तशी व्यवस्था असेल, तर स्क्रीनही बदलते. तिसरी वाट पीएलसीची, म्हणजे यंत्र प्रत्यक्ष चालवणाऱ्या नियंत्रकाची: सीमेन्सच्या पॅनेलमध्ये जॉब मेलबॉक्समधून (पीएलसीने पॅनेलला कामे सांगण्याच्या जागेतून) 51 क्रमांकाचे काम पाठवून पीएलसी स्वतःच स्क्रीन बदलू शकतो. अशा वाटा बटणे दाबून सापडत नाहीत. त्यासाठी प्रोजेक्टमध्ये स्क्रीन बदलणारी फंक्शन्स, स्क्रिप्ट आणि अलार्मना जोडलेल्या क्रिया क्रॉस-रेफरन्सने (काय कोठे वापरले आहे हे दाखवणाऱ्या यादीने) शोधाव्यात आणि निघण्याच्या स्क्रीनऐवजी ‘कोणतीही’ असे लिहून कारण नोंदवावे.

तक्ता पूर्ण झाला की त्यातून प्रसंगवार मार्ग काढावेत. होल्डिंग ट्यूबच्या (तापलेले दूध ठरावीक वेळ ज्यातून वाहते त्या नळीच्या) शेवटी तापमान ठरलेल्या मर्यादेखाली, समजा 72 अंश सेल्सिअसखाली, गेले की डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध बॅलन्स टँककडे (यंत्रात दूध जेथून येते त्या टाकीकडे) परत वळवतो. त्या क्षणी ऑपरेटरला व्हॉल्व्हची स्थिती, गरम पाण्याचे तापमान, वाफेचा व्हॉल्व्ह किती उघडा आहे आणि तापमानाचा ट्रेंड (वेळेनुसारचा आलेख) या चार गोष्टी पाहायच्या असतात. अलार्मच्या पट्टीपासून या प्रत्येकीपर्यंत किती स्पर्श लागतात ते लिहावे, आणि वाटेत लॉग-इन मागितले जात असेल तर तेही. माझ्या मते तीनपेक्षा जास्त स्पर्श लागत असतील, तर तो मुद्दा प्रोग्रामरपर्यंत लेखी जायला हवा. दोन अलार्म एकाच वेळी आले, तर पट्टीवर बोट ठेवल्यावर कोणती स्क्रीन उघडते, हेही तपासावे.

आकृती काढावी, पण ती ए-3 कागदावर केवळ वरच्या दोन पातळ्यांपुरती. सगळे बाण दाखवायला गेल्यास ती कोणी वाचत नाही. उरलेले तपशील तक्त्यातच शोभतात.

शेवटी हा दस्तऐवज ज्याने लिहिला नाही अशा ऑपरेटरच्या हाती देऊन त्याला फक्त लिहिल्याप्रमाणे चालायला सांगावे, आणि तो जेथे अडेल तेथे ओळ दुरुस्त करावी. मुखपृष्ठावर प्रोजेक्टचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख असावी, आणि तोच क्रमांक पॅनेलच्या माहिती स्क्रीनवरही दिसेल अशी मागणी प्रोग्रामरकडे करावी. पॅनेलमध्ये नवी आवृत्ती डाउनलोड झाली की बदललेल्या स्क्रीनच्या ओळी, तसेच त्या स्क्रीनकडे येणाऱ्या सर्व ओळी, पुन्हा तपासाव्यात. पॅनेलशेजारी लावण्याच्या लॅमिनेट केलेल्या कागदावर मात्र अलार्मच्या प्रसंगांचे मार्ग तेवढे पुरेत.