मुरुमांवर लोध्र-धने-वेखंडाचा लेप: घरी कसा करावा

काटेसावरीचं खोड जवळून पाहिलंय? बुडाशी रुंद, टोकाला अणकुचीदार असे काटे असतात. आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत मुरुमांना हीच उपमा दिली आहे. तरुणांच्या तोंडावर सावरीच्या काट्यांसारख्या उठणाऱ्या पुटकुळ्या, नाव ‘मुखदूषिका’. कारण सांगितलंय कफ, वात आणि रक्त बिघडण्याचं. त्यावर लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप वैद्यमंडळी पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. तोच इथे करू. मी वैद्य नाही. घरात दहावी ते कॉलेज या वयातली दोन मुलं आहेत, एवढाच माझा अनुभव.

आधी आरशात नीट बघा. काळे-पांढरे ठिपके आणि बारीक लाल पुटकुळ्या असतील तर लेप करून बघायला हरकत नाही. पण कातडीखाली दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर केसही वाढत असतील, तर लेपात वेळ घालवू नका. थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पडलेले खड्डे कुठल्याही लेपानं भरत नाहीत.

सामान. काष्ठौषधींच्या दुकानात लोध्राची साल आणि वेखंड मिळतं. धने घरातलेच, पण न भाजलेले. परंपरेनं तिन्ही समभाग घेतात. वेखंड तिखट असतं, म्हणून मी लोध्र दोन चमचे, धने दोन चमचे आणि वेखंड अर्धाच चमचा घेते. वेखंडाचं मूळ मिक्सरला दाद देत नाही, त्यामुळे पूड घेतलेली बरी. सगळं एकत्र दळून सुती फडक्यातून वस्त्रगाळ करा. ही पायरी टाळलीत तर सालीचे कण सुजलेल्या कातडीवर घासले जातात.

चाचणी. चिमूटभर पूड पाण्यात कालवून कोपराच्या आतल्या बाजूला लावा, दहा मिनिटांनी धुवा आणि एक दिवस थांबा. खाज, लाली आली तर हा लेप तुमच्यासाठी नाही.

लावणं. तोंड साध्या पाण्यानं धुवा. एक चमचा पूड पाण्यात किंवा गुलाबपाण्यात इडलीच्या पिठाइतकी सैल कालवा. लिंबू अजिबात पिळू नका. त्यानं आग होते आणि उन्हात गेलं की डाग पडतात. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्याच जुन्या ग्रंथात अशा लेपाची जाडी पाव अंगुळ सांगितली आहे, म्हणजे पारदर्शक थर देऊन भागत नाही. लेप केसांच्या उलट दिशेनं, खालून वर लावायचा. डोळ्यांभोवती आणि ओठांवर नको.

काढणं. सगळे चुकतात ते इथे. लेप लावायचा, पंख्याखाली बसायचं, तोंडाला भेगा पडून हसता येईना झालं की ‘आता काम झालं’ म्हणायचं! सुश्रुतसंहिता नेमकं उलट सांगते: लेप वाळू देऊ नये, वाळलेला लेप निरुपयोगी आणि वर वेदना देणारा. माझी मुलगी पहिल्यांदा तो खरवडून काढायला गेली आणि दोन पिकलेल्या पुटकुळ्या फोडून बसली. कडा फिकट दिसू लागल्या की, साधारण दहा-पंधरा मिनिटांत, ओल्या फडक्यानं टिपून काढा. रात्री लावून झोपायचं नाही, हाही ग्रंथातलाच नियम. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. फरक पडतोय का हे सहा-आठ आठवड्यांनी ठरवा, चार दिवसांनी नाही.

बाकीचं. कपाळावर मुरूम असतील तर आधी केसांचं तेल बघा. कपाळावर ओघळणाऱ्या तेलानंही मुरूम येतात. गोड पदार्थ, मैदा कमी करून बघा. मुरुमाला टूथपेस्ट लावू नका. गोरेपणासाठी मैत्रिणीनं दिलेलं क्रीम तर नकोच: अशा कित्येक क्रीमांत स्टेरॉइड असतं, सुरुवातीला चेहरा उजळतो आणि मग मुरूम दुप्पट येतात. डॉक्टरांचं मुरुमांचं औषध चालू असेल तर लेप त्यांना विचारूनच, कारण त्या औषधांनी कातडी आधीच कोरडी, नाजूक झालेली असते. मंजिष्ठा, उपळसरी ही पोटात घ्यायची औषधं वैद्यांनी नाडी-प्रकृती बघून दिली तरच घ्या. नाव-घटक न छापलेल्या पुड्या तर घेऊच नका. त्यांत पारा, शिसं असू शकतं.

उरलेली पूड कोरड्या काचेच्या बरणीत महिनाभर चालते. बरणीवर ठळक नाव लिहा आणि ती स्वयंपाकघराबाहेर ठेवा. धन्याच्या वासाला भुलून आमच्याकडे एकदा ही पूड आमटीत पडली होती, आणि अख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं.